रोडबाईकची सीटपोस्ट घसरतेय? आणखी आवळण्याआधी हे तपासा

राइडला निघताना सीट बरोबर उंचीला असते. तीस-चाळीस किलोमीटर झाले की पाय नेहमीसारखा सरळ होत नाही, गुडघ्याच्या वाटीपाशी ठणका लागतो, आणि उतरून बघावं तर सीटपोस्ट, म्हणजे सीटला धरणारी नळी, फ्रेममध्ये बोटभर आत गेलेली. मग एलन की (षटकोनी किल्ली) काढायची, बोल्ट आवळायचा, पुढे निघायचं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

अशा सायकली हातात येतात तेव्हा बोल्ट ढिला आहे असं क्वचितच निघतं. बहुतेकदा तो झेपेल त्याहून जास्तच आवळलेला असतो, आणि तरी पोस्ट खाली येते. कारण पोस्टला धरून ठेवतं ते घर्षण. मधे तेलकट थर असेल, पोस्ट दोन दशांश मिलिमीटरने बारीक असेल, बोल्टचा जोर क्लॅम्पपर्यंत (पोस्टला फ्रेमच्या तोंडाशी आवळणारी कडी) पोचतच नसेल किंवा कुठे तडा गेला असेल, तर यातलं काहीही पान्ह्याच्या आणखी अर्ध्या फेऱ्याने सुधारत नाही. कार्बन फायबरच्या बाबतीत तर त्या अर्ध्या फेऱ्यात पोस्ट चिरडते.

आधी खात्री करा की पोस्टच घसरतेय

"सीट खाली बसली" या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी येतात. पोस्ट फ्रेममध्ये आत जाणं ही एक. सीटच्या खालचे दांडे, म्हणजे रेल्स, पोस्टच्या डोक्यावरच्या क्लॅम्पमध्ये पुढेमागे सरकणं ही दुसरी. आणि पोस्टच्या डोक्यावरचा जोड फिरून सीटचं नाक वर किंवा खाली जाणं ही तिसरी. तिन्हींत बसायला सारखंच विचित्र वाटतं, पण दुखणं वेगवेगळ्या बोल्टचं असतं. नाक वर-खाली होत असेल तर डोक्यावरच्या जोडाचे दाते झिजलेत का ते बघा. इथे फ्रेमच्या क्लॅम्पला हात लावायची गरजच नाही.

खात्री करायला इलेक्ट्रिकलची काळी चिकटपट्टी पुरते. उंची बरोबर लावली की क्लॅम्पच्या अगदी वर, पोस्टला एक वेढा द्या, खालची कड क्लॅम्पला टेकलेली. पोस्ट घसरली की पट्टी चुरगळते किंवा वर ढकलली जाते. शिवाय क्रॅंकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या, आसाच्या मधोमधपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. पट्टी जागच्या जागी आणि तरी हे अंतर कमी झालं असेल, तर सीटचा फोम किंवा खालचं कवच बसलंय. जुन्या सीटचं हे नेहमीचं आहे, आणि त्यापायी लोक उगाच क्लॅम्प बदलतात.

पोस्ट कधी आणि कशी घसरते, यातही बरंच कळतं. सायकल सर्व्हिसिंगहून आली आणि पहिल्याच राइडला घसरायला लागली, तर ग्रीसचा संशय घ्या. एरवी ठीक असते, पण गतिरोधक आणि रंबलर स्ट्रिप्स ओलांडल्या की दोन-चार मिलिमीटर जाते, तर पकड सीमारेषेवर आहे: बोल्ट कोरडा, आत धूळ किंवा कार्बन पेस्ट (पकड वाढवणारं रवाळ जेल, पुढे येतंच) संपलेली. सगळं स्वच्छ, पेस्ट लावलेली, टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) बरोबर आणि तरी जाते, तर माप तपासा. आणि घसरण्याबरोबर कटकट आवाजही येत असेल तर सायकल उजेडात न्या आणि तडा शोधा.

बोल्ट: पाच न्यूटन-मीटर म्हणजे नेमकं काय

बहुतेक रोडबाईकच्या क्लॅम्पवर किंवा त्याच्या शेजारी फ्रेमवर ४, ५ किंवा ६ न्यूटन-मीटर (टॉर्कचं एकक) असा आकडा छापलेला असतो. फ्रेमवर एक आणि पोस्टवर दुसरा असेल तर कमी असेल तो पाळायचा. ही वरची मर्यादा आहे, हे लक्षात ठेवा.

आता गंमत अशी की टॉर्क रेंच, म्हणजे टॉर्क मोजणारा पान्हा, 'टक्' करून पाच दाखवतो, पण त्या पाचातले क्लॅम्प दाबायला किती गेले हे तो सांगत नाही. बोल्ट फिरवताना लावलेल्या जोराचा मोठा वाटा आटे आणि बोल्टचं डोकं यांच्या घर्षणातच खर्च होतो. एम-५ जाडीच्या बोल्टला ५ न्यूटन-मीटर दिले तर साधारण कोरड्या आट्यांवर ढोबळ हिशेबाने ५,००० न्यूटन, म्हणजे पाचशे किलोच्या वजनाइतका ताण येतो. त्याच आट्यांना ग्रीस लावलेलं असेल तर तो साडेसहा हजारांच्या आसपास जातो. आटे गंजलेले असतील तर उलट, पाच हजारांच्याही बराच खाली येतो. आकडा तोच, पकड मात्र दीडपटीने इकडेतिकडे.

आपल्याकडे हा बोल्ट गंजायला कारणं भरपूर. मागच्या चाकाचा चिखल थेट इथे उडतो, मांडीवरून घाम टपकतो, आणि मुंबई-अलिबाग पट्ट्यात हवाच खारी. म्हणून पोस्टला हात लावण्याआधी बोल्ट पूर्ण बाहेर काढा. आटे जुन्या टूथब्रशने साफ करा, आट्यांना आणि डोक्याखालच्या वायसरला बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लावा. आटे मेलेले असतील किंवा एलन कीचं भोक गोल झालं असेल तर बोल्ट फेका. त्याच जाडीचा, त्याच लांबीचा नवा आणताना स्टेनलेसचा आणा. अर्ध्याहून जास्त घसरणाऱ्या पोस्ट इथेच थांबतात असं माझं मत झालंय.

टॉर्क रेंच नसेल तर सायकलिंगच्या मापाचा, ५ न्यूटन-मीटरवर आपोआप सुटणारा छोटा येतो, तो घ्यावा; कार्बन सायकल असेल तर तो चैनीत मोडत नाही. तोवर काम भागवायला एक उपाय आहे. प्रवासाची बॅग तोलायचा हुकवाला काटा घ्या. एलन कीच्या लांब दांड्यावर, बोल्टच्या मध्यापासून बरोबर १० सेंटिमीटरवर हुक अडकवा आणि काटकोनात ओढा. काट्यावर ५ किलो दिसले की ४.९ न्यूटन-मीटर झाले. ओढताना कोन तिरका झाला तर आकडा खोटा पडतो, म्हणून एकदा बाजूने बघून घ्या. हाताच्या अंदाजाने आवळणारे लोक पाच म्हणून आठ-नऊ सहज देतात, हे या काट्याने पहिल्या फटक्यात समजतं.

ग्रीस कुठे लावायचं, कुठे नाही

आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या सीट पिलरला ग्रीस चोपडायची पद्धत होती, आणि ती बरोबरच होती. स्टीलच्या फ्रेममध्ये धातूचा पाइप कोरडा ठेवला तर पावसाळ्यात तो गंजून जाम होतो, मग तो काढायला घण लागतो. ॲल्युमिनियमची पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये असेल तर दोन वेगळ्या धातूंमुळे गंज आणखी लवकर धरतो. तिथे आजही ग्रीसचा पातळ हात हवाच.

अडचण येते ती हाच हात कार्बनवर फिरला की. पोस्ट किंवा फ्रेम यांपैकी एक जरी कार्बनची असेल, तर मधे ग्रीस चालत नाही. कार्बनला धातूइतकं दाबता येत नाही, त्यामुळे जेवढा दाब देता येतो त्यातच भागवायचं असतं, आणि ग्रीस नेमकं तेवढ्यावर पाणी फिरवतं. तिथे लागते कार्बन पेस्ट. हिलाच असेंब्ली पेस्ट किंवा फायबर ग्रिप म्हणतात. बोटांवर घेऊन चोळली तर बारीक रवाळ लागते; जेलमध्ये कडक प्लास्टिकचे किंवा तत्सम सूक्ष्म कण असतात. क्लॅम्प आवळला की हे कण दोन्ही पृष्ठभागांत रुततात आणि कमी टॉर्कमध्येही पोस्ट धरून ठेवतात. फिनिश लाइन, पार्क टूल, मोटोरेक्स, मक-ऑफ असे बरेच जण ती बनवतात. या कामापुरता त्यांच्यात फरक करण्यासारखं मला काही दिसलेलं नाही. छोटी ट्यूब वर्षानुवर्षं पुरते.

लावण्याआधीची साफसफाई मात्र नीट व्हायला हवी, आणि लोक चुकतात ते इथेच. पोस्ट बाहेर काढा. स्वच्छ सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन खालच्या टोकापासून पुसा. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसत राहा. मग तेच फडकं लाकडी पट्टीला गुंडाळून फ्रेमच्या आत, पोस्ट जाते तेवढं खोलवर फिरवा. क्लॅम्पची आतली बाजूही पुसा. रॉकेल, डिझेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे इथे वापरू नका, ते मागे तेलकट पापुद्रा ठेवतात. कोविडपासून घरोघरी पडून असलेलं सॅनिटायझरही नको. त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं आणि आपल्याला मऊपणा नकोय.

पुसून झाल्यावर पोस्ट खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघा. क्लॅम्प बसतो त्या जागी नुसती घासल्याची चमक असेल तर हरकत नाही. तिथे वेढा पडल्यासारखी पांढुरकी रेष असेल, नखाला कड लागत असेल किंवा दाबल्यावर भाग मऊ वाटत असेल, तर ती कार्बन पोस्ट संपली. नाण्याने हलके टकटक करत पुढे जा. चांगल्या भागाचा आवाज टणटणीत, चिरडलेल्या जागी बद्द. अशी पोस्ट मोडली तर मांडीखाली धारदार खुंट उरतो, तेव्हा "अजून एक राइड" करू नका. फ्रेमच्या तोंडाशी मागे असलेल्या उभ्या फटीच्या खालच्या टोकाला आणि वरच्या नळीच्या सांध्याला तडा शोधा. तिथे रंगाला केसासारखी रेष दिसली तर घसरण्याचं कारण सापडलं, आणि काम आता घरचं राहिलं नाही.

सगळं ठीक असेल तर पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब, पोस्टचा जेवढा भाग क्लॅम्पखाली आणि त्याच्या खाली तीन-चार सेंटिमीटर येतो तेवढ्याच पट्ट्यात पसरा. अख्खी पोस्ट माखायची गरज नाही. पोस्ट घालताना फिरवत घालू नका, सरळ खाली सरकवा, नाहीतर कण वरची चकाकी खरवडतात. पोस्टवरची किमान खोलीची खूण फ्रेममध्ये गेलीच पाहिजे. ती बाहेर दिसत असेल तर तुम्हाला लांब पोस्ट हवी आहे किंवा मोठी फ्रेम, आणि अशा सायकलवर पकड कधीच भरवशाची राहणार नाही. दोन बोल्टचा क्लॅम्प असेल तर दोन्ही आळीपाळीने, थोडं थोडं करत शेवटच्या आकड्यावर आणा. पहिल्या राइडनंतर टॉर्क पुन्हा तपासा. पेस्ट दबून बसते, बोल्ट थोडा सैल पडतो.

ट्रेनने किंवा लक्झरी बसने सायकल नेणाऱ्यांनी लक्षात घ्या: बॅगेत बसवायला पोस्ट काढली की पेस्ट फडक्याला, बॅगेला लागून जाते आणि जागी धूळ चिकटते. मुक्कामी पोचून तशीच परत घातली की ब्रेव्हेटच्या (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये पोस्ट घसरतेच. पेस्टचं छोटं पाकीट टूलकिटमध्ये ठेवा.

धातूची पोस्ट धातूच्या फ्रेममध्ये घसरत असेल तरी हीच पेस्ट चालते. रंगावर थोडे ओरखडे येतील, एवढंच. ॲल्युमिनियमची पोस्ट कार्बन फ्रेममध्ये असेल तर पेस्टच हवी आणि वर्षातून दोनदा, त्यातलं एकदा पावसाळा संपल्यावर, बाहेर काढून पुसणं हवं. हे दोन पदार्थ ओलाव्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम पांढरं फुलून फ्रेमला धरतं.

क्लॅम्पची बसण्याची जागा

इथे फार काही नाही, पण दोन मिनिटं द्या. क्लॅम्प फ्रेमच्या काठावर पूर्ण खाली टेकलेला हवा. आतली कड काठावर तिरकी बसली असेल तर तो फ्रेमला एकाच बाजूने दाबतो. क्लॅम्पचं मापही बघा. फ्रेमची नळी बाहेरून ३१.८ मिलिमीटरची असेल तर ३१.८ चाच क्लॅम्प हवा, ३४.९ चा आवळून बसवलेला नको. काही कार्बन फ्रेमवर क्लॅम्पची फट फ्रेमच्या फटीच्या विरुद्ध बाजूला ठेवायला सांगतात, त्याने दाब सगळीकडून सारखा येतो. फ्रेमच्या माहितीपुस्तकात काय आहे ते आधी वाचा. झटक्यात उघडणारा लिव्हरवाला क्लॅम्प कार्बन पोस्टवर अजिबात नको, त्यात दाब किती जातोय हे कळायला मार्गच नसतो.

माप: दोन दशांश मिलिमीटरची कथा

रोडबाईकमध्ये २७.२ मिलिमीटरची पोस्ट सर्वांत जास्त दिसते; जाड नळीच्या फ्रेममध्ये ३०.९ किंवा ३१.६. जुन्या स्टीलच्या फ्रेम घ्याल तर २६.८, २७.०, २६.६ असं काहीही निघतं, कारण नळीची जाडी बदलली की आतलं माप बदलतं. सेकंडहँड सायकलीत कुणीतरी कधीतरी २७.२ च्या जागी २७.० ची पोस्ट घातलेली असते. हाताला ती थोडी सैल वाटते, आवळल्यावर बसल्यासारखी वाटते आणि रस्त्यावर घसरते.

व्हर्नियर असेल तर पोस्ट तीन-चार ठिकाणी, आडवी-उभी मोजा. नसेल तर डोळ्यांनीही कळतं. बोल्ट आवळलेला असताना फ्रेमच्या मागची फट नीट बघा. तिच्या दोन्ही कडा समांतर राहायला हव्यात. वर निमुळती आणि खाली रुंद दिसली, किंवा क्लॅम्पचे दोन्ही कान एकमेकांना टेकले असले, तर पोस्ट बारीक आहे. कान टेकल्यावर तुम्ही कितीही आवळा, एक कान दुसऱ्याला दाबतोय, पोस्टला नाही.

उपाय एकच: योग्य मापाची पोस्ट. मधल्या काळासाठी, आणि फक्त धातूची पोस्ट धातूच्या फ्रेममध्ये असेल तरच, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कामी येतो. तो साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे एक वेढा दिला की व्यास ०.२ ने वाढतो, २७.० ची पोस्ट २७.२ मध्ये अगदी बेताने बसते. क्लॅम्पच्या उंचीपेक्षा बराच लांब तुकडा कापा, कडा पॉलिश पेपरने घासा, टोकं एकमेकांवर चढू देऊ नका आणि जोड फटीसमोर येणार नाही असा फिरवा. वरच्या टोकाला बारीकसा ओठ दुमडून ठेवला तर पत्रा आत पडत नाही. कार्बनमध्ये हा जुगाड करू नका. पत्र्याची कड तंतूंना कापते.

आत पाचर असलेल्या एरो फ्रेम

पोस्ट गोल नसून पानाच्या किंवा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची असेल आणि बाहेर क्लॅम्पच दिसत नसेल, तर वरच्या नळीवर, सीटपोस्टच्या पुढे, रबरी झाकणाखाली बोल्ट आहे. तो आवळला की आतली पाचर उतारावर सरकते आणि पोस्टला मागे दाबते. इथे ग्रीस आणि पेस्ट दोन्ही लागतात, पण आपापल्या जागी. पाचरीच्या एकमेकांवर सरकणाऱ्या उतारांवर आणि बोल्टच्या आट्यांवर ग्रीस; पाचरीची जी बाजू पोस्टला टेकते तिच्यावर पेस्ट. अदलाबदल झाली तर पाचर अर्ध्यात अडते, रेंच टक् करतो आणि पोस्टला पकड मिळालेलीच नसते. घरात ट्रेनरवर (सायकल जागीच चालवायच्या स्टँडवर) चालवणाऱ्यांचा घाम बरोबर याच झाकणावर पडतो, म्हणून त्यांची पाचर आधी जाम होते. काढताना पाचरीला दोरा बांधा, आत फ्रेममध्ये पडली की बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या आसाचा भाग, उघडावा लागतो. पाचर घासून गुळगुळीत झाली असेल तर त्याच मॉडेलची नवी मागवा, दुसऱ्या मॉडेलची घासून बसवू नका.

रस्त्यात घसरली तर

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेटला साडेतेरा तास असतात. त्यातली दहा मिनिटं इथे घालवणं परवडतं, खाली बसलेल्या सीटवर खंबाटकी चढणं गुडघ्याला परवडत नाही. चिकटपट्टीची खूण असेल तर उंची शोधावी लागत नाही. पोस्ट बाहेर काढा, कोरड्या रुमालाने पोस्ट आणि फ्रेमचं तोंड खसखसून पुसा, बोल्टच्या आट्यांवर साखळीच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि मल्टीटूलने नेहमीइतकाच आवळा. तेलाचं बोट पोस्टला लागू देऊ नका. पोस्ट ॲल्युमिनियमची असेल तर आणखी एक सोय करता येते: जुन्या ट्यूबची पट्टी पोस्टला गुंडाळा, तिच्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पाण्याच्या पाइपची स्टीलची क्लिप बसवा आणि ती फ्रेमच्या क्लॅम्पला वरून टेकेल अशी आवळा. पोस्ट खाली जायला लागली की क्लिप क्लॅम्पवर अडते. दिसायला भिकार आहे, पण संध्याकाळपर्यंत टिकते. कार्बन पोस्टला मात्र ही क्लिप लावू नका. तिथे पुसा, बेताने आवळा, खड्ड्यांवर सीटवरून उठून चालवा आणि ब्रेव्हेटच्या दर कंट्रोलला (तपासणी थांब्याला) पट्टी बघा.